गोळी आणि जोडीचा उपाय : एका दुहेरी सावधगिरीचा इतिहास



आजचा विषय वाचून काही जणांनी भुवया उंचावल्या असतील. तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर, सत्तरी ओलांडलेला, आणि बोलणार कशावर, तर गर्भनिरोधक गोळीवर आणि तिच्या जोडीला वापरायच्या दुसऱ्या उपायावर! पण या विषयाकडे मी आलो तो पुस्तकांतून नाही, घरातून आलो. म्हणून सुरुवात घरापासून करतो.

1984 सालची गोष्ट. आमचं एकत्र कुटुंब साताऱ्याकडचं. थोरल्या वहिनींना दोन मुलं होती, तिसरं नको होतं, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या गोळ्या घेत होत्या. त्या वर्षी त्यांना क्षयाचं निदान झालं. तेव्हा क्षयाचे नवे, कमी मुदतीचे उपचार येऊ लागले होते. त्यांत एक औषध असं होतं की ते घेतल्यावर लघवी नारिंगी व्हायची. वहिनी घाबरल्या होत्या, तेव्हा 'रंगाला भिऊ नका' एवढं त्यांना सांगितलं गेलं. तीन-चार महिन्यांनी लक्षात आलं, त्यांना दिवस गेलेत. घरात एकच वाक्य सगळ्यांच्या तोंडी, 'विसरली असणार गोळी.' सासूबाई म्हणाल्या, दादा म्हणाला, ज्यांनी गोळी लिहून दिली ते डॉक्टरही म्हणाले. वहिनी मला एकदाच म्हणाल्या, "भावजी, एक दिवस चुकवला नाही हो मी." मी गप्प बसलो. खरं सांगायचं तर माझाही त्यांच्यावर विश्वास बसला नव्हता.

या वहिनींकडे आपण शेवटी परत येऊ. आज मला एका साध्या प्रश्नाचा इतिहास सांगायचा आहे. एक खात्रीचा उपाय हाताशी असताना दुसरा उपाय जोडीला घ्यायचा, हे माणसाला कधी आणि का सुचलं? आणि चूक झाली की ती कोणाच्या नावावर लिहिली गेली?

आता बघा, आपल्याला वाटतं की जोडीचा उपाय ही कल्पना गोळीनंतरची. तसं नाही. ती गोळीच्या आधीची आहे आणि तिचा माग हॉलंडपर्यंत जातो. आलेटा याकोब्स ही नेदरलँड्समधली पहिली महिला डॉक्टर. 1882 च्या सुमारास ती ॲमस्टरडॅममध्ये गरीब बायकांना विनामूल्य तपासत असे आणि ज्यांना वारंवारच्या बाळंतपणांतून सुटका हवी असे त्यांना एक रबरी टोपी बसवून देत असे. ही टोपी मुळात मेन्सिंगा नावाच्या जर्मन डॉक्टरची. पण हॉलंडमधून तिचा प्रसार झाला, म्हणून इंग्रजीत तिचं नावच 'डच टोपी' पडलं. 1915 मध्ये मार्गारेट सँगर ही अमेरिकन परिचारिका हॉलंडला गेली आणि हेग शहरात डॉ. रुटगर्स यांच्याकडून ही टोपी कशी बसवायची ते शिकली. पुढच्या वर्षी तिने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात दवाखाना उघडला आणि पोलिसांनी तो काही दिवसांतच बंद केला.

या टोपीबरोबर बहुधा एक जेली किंवा मलम दिलं जाई. टोपीने वाट अडवायची आणि वाट चुकवून जे पुढे सरकेल त्याला मलमाने निकामी करायचं. म्हणजे दुहेरी बंदोबस्त. आपल्याकडे रात्री दाराला कडी लावली तरी आडणा घालतच होते ना, तसंच हे. कडीवर कोणाचा राग नसतो. कडी कधी निसटते, एवढं ठाऊक असतं.

1921 साली लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी दवाखाना उघडला आणि त्याच वर्षी मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी संततिनियमनाचं काम सुरू केलं. र. धों. कर्वे गणिताचे प्राध्यापक. या कामापायी त्यांना विल्सन कॉलेजमधली नोकरी सोडावी लागली. 1927 पासून 1953 पर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, खटले अंगावर घेतले. 1934 च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. पण आजच्या विषयाच्या दृष्टीने मला कर्व्यांची एक वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यांनी संततिनियमनावर पुस्तक लिहिलं, तसंच गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावरही पुस्तक लिहिलं. मूल नको असणं आणि रोग नको असणं हे दोन वेगळे हेतू आहेत, आणि दोन्हींचा विचार एकाच माणसाने, एकाच संसारात करायचा असतो, ही गोष्ट त्यांना शंभर वर्षांपूर्वी स्पष्ट दिसत होती. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता एक आकड्यांचा माणूस. रेमंड पर्ल, अमेरिकन जीवशास्त्रज्ञ. त्याने 1933 मध्ये एक माप मांडलं, शंभर बायकांनी एखादा उपाय वर्षभर वापरला तर त्यांतल्या किती जणींना गर्भ राहतो. याला पर्ल निर्देशांक म्हणतात. यात तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला भावणारी एक गोष्ट आहे. तोपर्यंत उपाय एक तर 'चालतो' नाहीतर 'चालत नाही' असं बोललं जाई. पर्लने अपयशाला माप दिलं. अपयश शून्य कधीच नसतं, कमीजास्त असतं, हे एकदा मान्य केलं की मगच 'जोडीला आणखी काय?' हा प्रश्न शहाणपणाचा ठरतो. शंभर टक्के खात्री ज्याला हवी आहे तो हा प्रश्न विचारतच नाही.

आणि सँगरबाईंना नेमकी तशीच खात्री हवी होती. टोपी बसवायला दवाखाना लागतो, निरोध वापरायला नवऱ्याची राजीखुशी लागते. ज्या घरात नवरा ऐकत नाही तिथल्या बाईने काय करायचं? तिला असा उपाय हवा होता जो पूर्णपणे बाईच्या हातात असेल. 1935 च्या डिसेंबरात ती वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटली. गांधीजींचा आग्रह संयमाचा, कृत्रिम साधनांना त्यांचा विरोध. दोघांचं जमलं नाही. पुढे 1952 च्या नोव्हेंबरात मुंबईत कुटुंबनियोजनाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, धन्वंती रामा राव यांच्या पुढाकाराने, आणि तिथेच आंतरराष्ट्रीय महासंघाची स्थापना झाली. तेव्हा सँगरचं वय सत्तरीच्या पुढे होतं आणि तिच्या स्वप्नातल्या गोळीवर अमेरिकेत काम सुरू झालेलं होतं.

ग्रेगरी पिंकस आणि एम. सी. चँग हे संशोधक, जॉन रॉक हा बॉस्टनचा कॅथलिक स्त्रीरोगतज्ज्ञ, आणि पैसा कॅथरिन मॅककॉर्मिक या श्रीमंत विधवेचा. मोठी चाचणी 1956 मध्ये पोर्तो रिकोत, रिओ पिएद्रासच्या वस्तीत झाली. गरीब बायकांवर झाली, आणि त्यांना नेमकं काय सांगितलं होतं हा प्रश्न आजही बोचणारा आहे. तिथे काम पाहणाऱ्या डॉक्टर एड्रिस राइस-रे यांनी कळवलं होतं की गर्भ रोखण्याचं काम गोळी उत्तम करते, पण सतरा टक्के बायकांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी असे त्रास होतात. तिकडे फारसं लक्ष दिलं गेलं नाही. 1957 मध्ये एनोव्हिड ही गोळी पाळीच्या तक्रारींसाठी मंजूर झाली आणि 1960 मध्ये गर्भनिरोधासाठी.

लहानपणी आपण पंचतंत्रातली बगळ्याची गोष्ट ऐकलेली आहे. सापाचा काटा काढायला बगळ्याने मुंगसाला वाट दाखवली. मुंगसाने साप खाल्ला, आणि मग बगळ्यांनाही खाल्लं. उपाय शोधताना अपायही शोधावा, हा तिचा बोध. गोळीच्या बाबतीत हा बोध दहा वर्षांनी कळला. पहिल्या एनोव्हिडमध्ये इस्ट्रोजेन जातीचं संप्रेरक 150 मायक्रोग्रॅम होतं. साठच्या दशकात रक्ताच्या गुठळ्यांची प्रकरणं पुढे आली. 1969 मध्ये बार्बरा सीमन या पत्रकार बाईचं गोळीविरुद्धचं पुस्तक आलं. त्याच वर्षअखेर ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने 50 मायक्रोग्रॅमहून जास्त इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या टाळायला सांगितलं. 1970 मध्ये अमेरिकन सिनेटर नेल्सन यांच्यापुढे सुनावणी झाली. तिथे साक्षीला एकाही गोळी घेणाऱ्या बाईला बोलावलं नव्हतं, तेव्हा प्रेक्षकांत बसलेल्या बायकांनीच उठून प्रश्न विचारले. त्यातून गोळीच्या पाकिटात बाईसाठी माहितीचा कागद घालणं सुरू झालं.

मग मात्रा उतरत गेली. आपल्याकडच्या माला-डी मध्ये इस्ट्रोजेन 30 मायक्रोग्रॅम आहे. पहिल्या गोळीतलं संप्रेरक जरा वेगळं आणि सौम्य होतं हे धरलं तरी उतार मोठाच. हे चांगलंच झालं. पण त्याची एक किंमत आहे. मात्रा जितकी नेमकी, तितकी चुकीला जागा कमी. जुन्या भरभक्कम गोळीत एखादा दिवस हुकला तरी शरीरात शिल्लक बरीच असे. नव्या गोळीत वेळ पाळणं महत्त्वाचं झालं. इथून पुढे 'गोळी चुकली तर जोडीला निरोध वापरा' हा सल्ला नियम म्हणून घडत गेला.

हा नियम कसा चालतो ते सांगतो, कारण बहुतेकांच्या डोक्यात तो उलटा बसलेला असतो. एकवीस दिवस संप्रेरकाच्या गोळ्या, मग सात दिवस विश्रांती. माला-डी मध्ये त्या सात दिवसांसाठी लोहाच्या गोळ्या दिलेल्या असतात, म्हणजे रोज गोळी घेण्याची सवय मोडत नाही आणि अंगाला लोह मिळतं. त्या सात दिवसांत बीजकोश हळूहळू जागे व्हायला लागतात. सात दिवसांचं अंतर त्यांना पुरत नाही. पण नवं पाकीट दोन-तीन दिवस उशिरा सुरू केलं, तर अंतर वाढतं आणि बीज बाहेर पडू शकतं. म्हणजे चुकवायला सर्वांत धोक्याच्या गोळ्या पाकिटाच्या मधल्या नव्हेत, सुरुवातीच्या आणि शेवटच्या. आणि एकदा जागे झालेले बीजकोश पुन्हा शांत करायला सलग सात गोळ्या लागतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा आहे. एक गोळी चुकली तर आठवेल तेव्हा लगेच घ्यावी. लागोपाठ दोन किंवा जास्त चुकल्या, तर गोळ्या पुन्हा सुरू करून सलग सात होईपर्यंत जोडीला निरोध वापरावा, नाहीतर संबंध टाळावा. आणि अशा गोळ्या तिसऱ्या आठवड्यात चुकल्या असतील, तर विश्रांतीचे सात दिवस गाळून थेट नवं पाकीट सुरू करावं. पहिल्यांदा गोळी सुरू करताना पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू केली तर जोडीची गरज नाही, नंतर सुरू केली तर सात दिवस आहे. मी डॉक्टर नाही. आपापल्या गोळीचा नियम डॉक्टरांना विचारूनच पक्का करा. केवळ प्रोजेस्टिन असलेल्या गोळ्यांचं वेळापत्रक वेगळं आणि जास्त काटेकोर असतं. पण 'सात' हा आकडा कुठून येतो ते कळलं, की नियम पाठ करावा लागत नाही.

आता नारिंगी लघवीकडे येऊ. ते औषध म्हणजे रिफाम्पिसिन. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीलाच पश्चिम जर्मनीतल्या डॉक्टरांनी नोंदवलं होतं की रिफाम्पिसिन घेणाऱ्या बायकांना गोळी चालू असतानाही अवेळी रक्तस्राव होतो आणि काही जणींना गर्भ राहतो. कारण असं की हे औषध यकृताला एवढं कामाला लावतं की गोळीतली संप्रेरकं वेळेआधीच मोडीत निघतात. गोळी पोटात जाते, पण रक्तात टिकत नाही. अपस्माराची काही औषधंही असंच करतात. औषध थांबवल्यावरही हा परिणाम काही आठवडे उरतो. अशा वेळी नुसत्या गोळीवर विसंबून चालत नाही. निरोध जोडावा, किंवा तांबीसारखा, यकृताशी देणंघेणं नसलेला उपाय घ्यावा. जाता जाता हेही सांगतो, कुठलंही प्रतिजैविक घेतलं की गोळी निकामी होते हा समज चुकीचा आहे. घशाला किंवा दाताला दिलेल्या नेहमीच्या प्रतिजैविकांनी तसं होत असल्याचा पुरावा नाही. उलट्या-जुलाब झाले तर मात्र गोष्ट वेगळी.

हे सगळं मी वाचलं 1990 च्या दशकात, एका परिसंवादाच्या तयारीत. म्हणजे वहिनींना दिवस गेले तेव्हा ही माहिती छापून दहा-बारा वर्षं झाली होती. क्षयाचे डॉक्टर वेगळे, गोळी देणारे वेगळे, आणि दोघांच्या मध्ये उभी असलेली बाई एकच. तिला कोणी विचारलं नाही, 'बाई, आणखी काय घेता?'

इथे इतिहासाला आणखी एक वळण लागलं. पुन्हा हॉलंड. गोळी तिथे 1962 मध्येच आली होती. ओस नावाच्या गावातल्या ऑर्गेनॉन कंपनीने ती बनवली. ऐंशीच्या दशकापर्यंत तरुण डच मुलींमध्ये गोळी अगदी सर्रास झाली, निरोध मागे पडला. आणि त्याच वेळी एड्स आला. गोळी गर्भ रोखते, विषाणू रोखत नाही. निरोध दोन्ही रोखतो, पण गर्भ रोखण्यात गोळीइतका पक्का नाही. मग तिथल्या आरोग्यशिक्षकांनी सांगायला सुरुवात केली, मुलीने गोळी घ्यावी आणि मुलाने निरोध वापरावा, दोन्ही एकदम. या सल्ल्याला नाव पडलं 'डबल डच'. इंग्रजीत डबल डच म्हणजे काही कळत नाही असं बोलणं. हे 'डबल डच' मात्र शाळकरी पोरांनाही कळलं. ज्या देशाच्या नावाने टोपी ओळखली गेली, त्याच देशाच्या नावाने ही जोडीही ओळखली गेली. आणि कर्व्यांनी वेगवेगळ्या पुस्तकांत लिहिलेल्या दोन काळज्या इथे एका सल्ल्यात आल्या.

आपल्याकडे निरोध सरकारने 1968 मध्ये बाजारात आणला, पंधरा पैशांना तीन. चहा, साबण विकणाऱ्या कंपन्यांच्या वितरणातून तो खेड्यापाड्यांतल्या दुकानांत पोचला. पतंजलींच्या योगसूत्रांच्या सुरुवातीलाच भेटणारा हा शब्द, त्याला हा नवा संसार लाभला! 1986 मध्ये भारतात एचआयव्हीची पहिली नोंद झाली. पण आपल्याकडे दोन्ही गोष्टींचे प्रचार वेगवेगळ्या वाटांनी चालले. लाल त्रिकोण विवाहितांसाठी, आणि एड्सची भिंतीवरची पत्रकं जणू दुसऱ्याच कोणा 'वाईट' लोकांसाठी. त्यामुळे लग्नाच्या बाईने नवऱ्याकडे निरोधाचा आग्रह धरणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं, असा अर्थ झाला. किती बायकांना ही गप्प राहण्याची किंमत आजाराने चुकवावी लागली असेल!

शेवटी थोडं गणित, कर्वेसरांच्या आठवणीने. अमेरिकेतले अंदाज असे आहेत. गोळी अगदी बिनचूक घेतली तर वर्षभरात हजारात तीन जणींना गर्भ राहतो. प्रत्यक्षात माणसं घेतात तशी घेतली तर शंभरात सुमारे सात. निरोध बिनचूक वापरला तर शंभरात दोन, प्रत्यक्षात तेरा. आता दोन्ही एकत्र असतील आणि दोन्हींच्या चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील, तर गुणाकार करायचा. सात टक्के गुणिले तेरा टक्के, म्हणजे एक टक्क्याच्याही आत. सात जणींवरून एकीवर!

पण 'स्वतंत्र असतील तर' हे शब्द नीट ऐका. सगळं तत्त्वज्ञान त्यात आहे. ज्या घरात घाईगडबड, दारू, जबरदस्ती आहे, तिथे गोळीही चुकते आणि निरोधही राहतो. चुका हातात हात घालून येतात. शिवाय अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसलंय की गोळी सुरू झाली की जोडपी निरोध सोडून देतात. म्हणजे गुणाकार कागदावर राहतो. दोन उपायांच्या चुका एकमेकींपासून खरोखर दूर राहायच्या असतील, तर ते दोन उपाय दोन वेगळ्या माणसांनी सांभाळायला हवेत. एक तिने, एक त्याने. सँगरबाईंना उपाय बाईच्या हातात द्यायचा होता आणि ते योग्यच होतं. ज्या घरात तो ऐकणारच नाही, तिथे आजही तेच योग्य आहे. पण हातात दिलेल्या गोळीबरोबर सगळा दोषही तिच्याच पदरात पडला. जोडीचा उपाय त्यातला थोडा भार पुन्हा त्याच्याकडे नेतो.

तर वहिनी. मी साताऱ्याला गेलो आणि त्यांना रिफाम्पिसिनबद्दल सांगितलं. हेही सांगितलं की कारण तेच होतं असं मी छातीठोक म्हणू शकत नाही, कारण सगळं बिनचूक केलं तरी हजारात तीन जणी असतातच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. अंगणात त्यांची धाकटी लेक अभ्यास करत बसली होती. म्हणाल्या, "ही झाली त्याचं वाईट नाही वाटत भावजी. हिच्याशिवाय घर कसलं? पण तेव्हा तुम्ही सगळे शिकलेले होतात. एकालाही माझं खरं का वाटलं नाही?"

वहिनी आता नाहीत. त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आजही नाही. एवढंच सुचतं, की गोळी फसली असं कळलं तर 'विसरलीस का?' याच्याआधी 'आणखी कुठली औषधं चालू आहेत?' हे विचारावं, आणि नवऱ्याला विचारावं, 'तू काय करत होतास?' इतिहासाने आपल्याला हे दोन प्रश्न दिले आहेत.

 आता तुमचे प्रश्न घेऊ. संकोच करू नका, विषय आपल्या सगळ्यांच्या घरातलाच आहे.